उशाखाली चार विटा

आमच्या चिपळूणच्या घरात आजोबांचा खोकला ही एक बोलीच होती. अंगणातून माजघराकडे येताना ते उंबऱ्याच्या अलीकडे एकदा खाकरत, की आत सुनांचे पदर डोक्यावर जात आणि कुणाची तरी चाललेली निंदा अर्ध्यावर थांबे. आमटी आळणी झाली तर दुसरा खोकला. पाहुणा उठायचं नाव घेईना तर तिसरा, जरा लांबवलेला. घरातल्या पोरासोरांनाही हे खोकले ओळखता येत. आजोबांना प्रत्यक्षात खोकला झालाय हे मात्र दोन-दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नसे.

माझ्या खोकल्याला असा काही अर्थ नव्हता. गणपती गेले आणि तो आला. कफ नाही, ताप नाही, सर्दी नाही. कोरडा, दोन-दोनाच्या जोडीने येणारा, दार उघडं असताना कडी वाजवावी तसा. जेवण झालं की हमखास, अंगाला अंथरूण लागलं की नक्कीच, आणि फोनवर साहेबांशी बोलताना तर विशेषच. डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये मात्र त्याने माझी सोय केली. २०२० नंतर खोकणाऱ्या माणसाला मुंबईत जो मान मिळतो तो मंत्र्यालाही मिळत नाही. जिथे एका पायावर उभं राहायची पंचाईत, तिथे माझ्याभोवती हातभर मोकळी जागा व्हायची. एका सद्गृहस्थाने तर न बोलता खिशातून नवा मास्क काढून माझ्या हातात ठेवला.

खोकला झालेल्या माणसाला औषध विचारावं लागत नाही, ते चालत येतं. वहिनीने आल्याचा रस मधात दिला. शेजारच्या नानांनी अडुळशाची पानं आणून दिली, ती कशी उकळायची ते सांगायला तासभर बसले आणि चहा घेऊन गेले. ऑफिसातल्या मित्राने पेपरमिंटच्या गोळ्यांची अख्खी बरणी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी त्या दिवसाला आठ-दहा चघळायचो. केमिस्टने दिलेल्या सिरपने झोप छान लागायची. झोपेतही मी खोकतच असतो ही माहिती बायकोने पुरवली.

आई पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, "अरे, पित्त आहे ते." पण आईच्या म्हणण्याकडे कोण लक्ष देतो? डोकं दुखलं तर पित्त, केस पिकले तर पित्त, माणूस चिडला तर पित्त. मी आठवीत गणितात नापास झालो तेव्हाही तिने मास्तरांना पित्ताचंच कारण सांगितलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांत तिचं निदान एकदाही बदललेलं नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. आमचे जुने डॉक्टर आता बसत नाहीत. त्यांचा मुलगा दवाखाना चालवतो, आणि लहानपणापासून मला 'काका' म्हणतो. त्याने आधी शिस्तीत थुंकी तपासायला दिली आणि छातीचा एक्स-रे काढायला लावला. दोन आठवड्यांवर खोकला गेला की आपल्याकडे आधी टीबी नाही ना हे बघायचं असतं, आणि ते बरोबरच आहे. दोन्ही स्वच्छ निघाले. मग माझी बीपीची गोळी बघितली, कारण बीपीच्या काही गोळ्यांनीच असा कोरडा खोकला लागतो. रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्या जातीतली नावं. माझी गोळी त्यातली नव्हती. छातीला नळी लावून दम्याचं काही ऐकू येतंय का तेही पाहिलं. आणि मग पेन टेबलावर ठेवून विचारलं, "काका, रात्री जेवता किती वाजता?"

मला जरा रागच आला. मी घसा दाखवायला आलोय आणि हा जेवणाची वेळ विचारतोय! "सव्वादहा," मी म्हटलं. "घरी यायलाच साडेनऊ होतात. मग जेवण, आणि मग जरा आडवं होऊन टीव्ही."

"आंबट ढेकर येतात?"

आता हा काय प्रश्न झाला? डोंबिवलीत राहणाऱ्या, सकाळी वडापाव आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या माणसाला आंबट ढेकर येतात का! "येतात," मी म्हटलं, "पण ते नेहमीचेच." त्याने ते 'नेहमीचेच' मोठ्या आवडीने कागदावर लिहून घेतलं.

मग त्याने मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पोटातला आम्लरस म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत सर ज्या बाटलीला हात लावू देत नसत तेच हायड्रोक्लोरिक अॅसिड. जठराला त्याचं काही वाटत नाही, त्याला आतून अस्तर आहे. अन्ननलिकेला ते अस्तर नाही. तिच्या तळाशी एक झडप असते. ती सैल पडली की हा रस वर चढतो. कधी थेंबभर अगदी घशापर्यंत येतो, आणि खोकला सुरू. पण गंमत पुढेच आहे. तो घशापर्यंत आलाच पाहिजे असंही नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला झोंबला तरी माणूस खोकतो. कारण आईच्या पोटात असताना अन्ननलिका आणि श्वासनलिका या एकाच नळीतून फुटून वेगळ्या झालेल्या असतात, आणि पुढे दोघींना संवेदना पुरवणारी नसही एकच राहते. मला लगेच आमच्या चुलत्यांचा वाडा आठवला. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, मध्ये भिंत उठली, पण विजेचं मीटर एकच राहिलं. इकडे काकूने गीझर लावला की तिकडे काकांचा फ्यूज उडायचा, आणि काका आयुष्यभर स्वतःच्याच वायरी तपासत राहिले. मीही इतके दिवस चुकीच्याच भिंतीवर वायरमन चढवत होतो.

"आणि खोकल्याने पोटावर दाब पडतो, की अॅसिड आणखी वर," डॉक्टर म्हणाला. "अॅसिड वर, की पुन्हा खोकला." मग त्याची नजर माझ्या खिशाकडे गेली. "ते काय चघळताय?"

पेपरमिंट. जी झडप घट्ट राहायला हवी तिला पेपरमिंट सैल करतं म्हणे. चॉकलेट, कॉफी, तळकट आणि तंबाखूही त्याच पंगतीतले. बरणी दुसऱ्याच दिवशी मित्राला परत केली. त्याला अजून वाटतं की मला त्या गोळ्यांची चव आवडली नाही.

डॉक्टरने पँटोप्राझोल लिहून दिलं. सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी, दोन महिने. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही. नुसती खिडकीबाहेर बघत बसली. विजयी माणसाने कसं बसावं ते तिच्याकडून शिकावं.

पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली. अख्खी गोळी माझ्यासारख्या साध्या माणसाला जड पडेल असं वाटून मी आईच्या अडकित्त्याने तिचे दोन तुकडे करायचो. अर्धी आज, अर्धी उद्या. डॉक्टरला हे सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला. या गोळीवर मुद्दाम कवच चढवलेलं असतं, कारण जे अॅसिड आवरायला ती निघालेली असते त्याच अॅसिडमध्ये ती टिकत नाही. ती जठरातून गुपचूप पुढे आतड्यात जायची, तिथून रक्तात, आणि रक्तातून फिरून मागच्या दाराने जठराच्या भिंतीत शिरायची. त्या भिंतीत अॅसिड ओतणारे बारीक पंप असतात. जेवणाची चाहूल लागली की ते जागे होतात, आणि जे जागे असतील त्यांनाच ही गोळी कुलूप घालते, झोपलेल्यांना नाही. स्वतः रक्तात जेमतेम तास-दोन तास टिकते. म्हणून तो अर्धा तास. सगळे पंप एका दिवसात सापडत नाहीत, तीन-चार दिवस जातात. अडकित्त्याने कातरलेली गोळी बिचारी वाटेतच गारद होत होती.

हा अर्धा तास मला फार जड गेला. दुसऱ्या कुणाला तो लहान वाटेल. पण उठल्याउठल्या चहा हा ज्याच्या दिवसाचा पहिला श्वास आहे, त्याला विचारा. गजर पावणेसहाचा लावायचा, गोळी घ्यायची आणि सव्वासहापर्यंत नुसतं बसायचं. पेपर आलेला नसतो, घरात कुणाशी बोलायची सोय नसते. त्या अर्ध्या तासात मला चौतीस वर्षांच्या संसारात प्रथमच कळलं की बायको पाच वाजताच उठलेली असते. कणीक तिंबून ओल्या फडक्याखाली झाकलेली, भाजी चिरून ताटलीत, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून एकटीच चहा पीत असते. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही नाही. "कधीपासून हा कार्यक्रम?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही झोपलेले असता तेव्हापासून." आणि मला वास येऊ नये म्हणून तिने कपावर बशी झाकली.

गोळीच्या जोडीला पथ्य होतं. रात्रीचं जेवण आठच्या सुमारास, हलकं, आणि जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. त्यासाठी मी ऑफिसातून तास-दीड तास लवकर सुटायची परवानगी काढली. झोपायचं ते डाव्या कुशीवर. जठराची पिशवी डावीकडे आहे. डाव्या कुशीवर अॅसिडचं डबकं खाली राहतं आणि झडप वर. उजव्या कुशीवर ते दारातच येऊन बसतं. म्हणजे आमच्या वाडवडिलांची वामकुक्षी बरोबरच होती की! वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. फक्त ती हात सुकायच्या आत घ्यायची नव्हती, आणि थेट चहापर्यंत चालवायची तर मुळीच नव्हती. डाव्या कुशीवर वळलो की माझं तोंड बायकोकडे होतं. इतकी वर्षं मी खिडकीकडे तोंड करून झोपत आलो. पहिल्या रात्री तिने दिवा लावून विचारलं, "काय हवंय?"

शिवाय पलंगाची उशाकडची बाजू सहा इंच वर उचलायची होती. उशा वाढवून भागत नाही, त्याने पोट दुमडतं आणि उलट दाब पडतो. पलंगाचे पायच उचलायला हवेत. इमारतीच्या मागे कुंपणाची भिंत पाडलेल्या विटांचा ढीग होता. एका रात्री पिशवी घेऊन गेलो आणि चार आणल्या, उशाकडच्या प्रत्येक पायाखाली दोन. आई म्हणाली, "विठोबाला एक पुरली रे." पहिले काही दिवस आम्ही दोघं रात्री उशाशी निजायचो आणि पहाटे पायथ्याशी सापडायचो. पांघरूण त्याच्याही आधी पोचलेलं असे.

माझा भाचा औषधाच्या कंपनीत आहे. त्याच्याकडून कळलं की ही जी जठराची अक्कल माणसाला आली ती एका अपघातातून. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या मजुराच्या पोटात जवळून बंदुकीचा बार गेला. तो जगला, पण जठराचं भोक काही बुजेना. बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टराने त्या खिडकीतून रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे, कोबीचे तुकडे आत सोडायचे आणि ठरावीक वेळाने ओढून बघायचे, किती विरघळले ते. वर्षानुवर्षं हे चाललं, आणि १८३३ साली बोमाँटचं पुस्तक निघालं. सेंट मार्टिन १८८० साली गेला तेव्हा घरच्यांनी प्रेत मुद्दाम कुजू दिलं आणि खोल पुरलं, डॉक्टरांनी पुन्हा दोरा सोडू नये म्हणून. मला त्या घरच्यांबद्दल फार आदर वाटतो. माझ्या गोळीचा थोरला भाऊ ओमेप्राझोल स्वीडनमध्ये तयार झाला आणि १९८८ साली बाजारात आला. त्याच वर्षी जेम्स ब्लॅक यांना जे नोबेल मिळालं, त्याच्या कारणांत अॅसिड कमी करणारी त्याआधीच्या पिढीची गोळीही होती.

तीन आठवडे झाले तरी खोकला होता तिथेच. ढेकर थांबले, जळजळ गेली, खोकला नाही. मी तक्रार केली. डॉक्टर म्हणाला, "काका, मी वचन कुठे दिलं होतं? नुसता खोकला असेल, ढेकर-जळजळ काहीच नसेल, तर या गोळीने फारसा फरक पडत नाही. तुम्हाला ते 'नेहमीचेच' होतं म्हणून दिली. खोकला सगळ्यात शेवटी जातो, दोन-तीन महिनेही लागतात. आणि गेला तर गोळीमुळे गेला की लवकर जेवल्यामुळे, ते मलाही सांगता येणार नाही." असा डॉक्टर आजकाल विरळा. भाच्याने वर तिखट टाकलंच. घशाच्या जुनाट तक्रारींवर ब्रिटनमध्ये ३४६ जणांवर अशाच गोळीची चाचणी झाली, २०२१ साली ती छापून आली. खरी गोळी घेणारे आणि खोटी घेणारे सारखेच बरे झाले.

मी ऑफिसात बघतो तर ही गोळी लोक वर्षानुवर्षं तीर्थासारखी घेतायत. शर्टाच्या खिशात पट्टी, लग्नाला जायचं म्हणून एक, मिसळ खायची म्हणून एक. कुणी लिहून दिली, कधी दिली, कुणाला आठवत नाही. सोडायचा प्रयत्न केला की जळजळ उसळते, म्हणून पुन्हा चालू. डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसं घेऊन बघितलं होतं. आठ आठवडे गोळी घेऊन बंद केलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना अॅसिडिटीचा त्रास झाला. खोट्या गोळीवर होते त्यांच्यात १५ टक्क्यांना. ज्यांना मुळात काही होत नव्हतं, त्यांना गोळी सोडल्यावर झालं! म्हणून माझ्या डॉक्टरने ती एकदम न तोडता हळूहळू बंद करायला लावली. ते दोन आठवडे मी ताकावर आणि देवाच्या भरवशावर काढले.

खोकला कोणत्या दिवशी गेला ते सांगता येत नाही. दिवाळीचा फराळ जपून खाल्ला, तेव्हा होता. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी लोकलमध्ये कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला, तेव्हा लक्षात आलं की माझ्याभोवतीची जागा गेली. गोळी बंद आहे. पण सव्वासहापर्यंत थांबायची सवय राहिली. आता बायको कपावर बशी झाकत नाही. आम्ही दोघं समोरची टाकी बघतो.

विटाही अजून तिथेच आहेत. परवा रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी आले. कंपाउंडची भिंत पुन्हा बांधायला घेतली होती आणि ते हातात वही घेऊन प्रत्येक घरी जात होते. "काही नाही, सहज विचारतोय," ते दारातूनच म्हणाले. "जुन्या विटा मोजून ठेवल्या होत्या. चार कमी भरतायत."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खोकलो. दोनदा, चांगला दणदणीत.

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, पुन्हा सुरू झाला का?"

आई खिडकीपाशी बसली होती. तिने मान न वळवता सांगितलं, "हा पित्ताचा नाही."