पामपालक

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणारे असतात, मांजर पाळणारे असतात, आणि हल्ली पाम पाळणारेही वाढलेत. कुत्रेवाला दारातच कळतो. पामपालक मात्र आत जाऊन बसल्यावर कळतो, म्हणजे त्याने बसू दिलं तर. "तिथं नको, जरा इकडं सरका. त्याचा उजेड अडतोय." हा 'तो' कोण, म्हणून आपण वळून पाहावं, तर कोपऱ्यात कुंडीत अरेका पाम उभा असतो.

पामपालक बहुधा निवृत्त असतो. जन्मभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर सह्या केल्यावर त्याला आता स्वतःचे आकडे हवे असतात. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत त्याला सांगितलेलं असतं, "काय नाय साहेब, दोन दिसाआड पाणी घाला." एवढ्यावर अरेका मजेत जगतोही. पण ज्यात फाइल उघडावी लागत नाही ते काम याला कामच वाटत नाही. तो रात्रभर वाचतो आणि सकाळच्या चहाला जाहीर करतो: झाड मूळचं मादागास्करचं. तापमान 18 ते 25 अंश. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली नको. बायको म्हणते, "मग मादागास्करलाच राहू द्यायचं होतं त्याला."

चार दिवसांत आर्द्रतेचं मीटर येतं आणि पामाच्या उंचीला भिंतीवर लागतं. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या कचेरीला सगळं पुणं सिमला ऑफिस म्हणतं, तिथला आकडा रोज पेपरात येतो, तो का चालत नाही, असं विचारून पाहा. "तो शिवाजीनगरचा. माझ्या हॉलचं हवामान वेगळं आहे."

एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा पापडासारखी वाळते आणि मीटर 22 दाखवतं. मग घराला आणीबाणी लागू होते. धुतलेले कपडे गॅलरीतून हॉलमध्ये येतात, कारण त्यांची वाफ बाहेर वाया जाते. आंघोळ झाली की न्हाणीघराचं दार सताड उघडं ठेवायचं. कुकरची शिट्टी होताना स्वयंपाकघराचं दार लोटायचं नाही. डोंबिवलीचे व्याही ओल्या गाउनखाली बसून आंब्याची डाळ खातात आणि परत जाताना गाडीत एकमेकांशी काही बोलत नाहीत.

फवाऱ्याची बाटली तर हातातून सुटतच नाही. वास्तविक पानांवर पाणी फवारलं की काही मिनिटांत ते वाळतं आणि मीटर पुन्हा मूळ पदावर. हे त्यानेही वाचलेलं आहे. पण हाताला चाळा नको का? कुंडीखाली तो खडे भरलेलं ताट ठेवतो, त्यात पाणी, कुंडी खड्यांच्या वर, तळ पाण्याला न टेकता. एकदा डेंग्यूच्या पाहणीला महापालिकेचे लोक आले. त्यांनी ताटात बॅटरी मारून पाहिली. यानं बाष्पीभवनावर दहा मिनिटं घेतली. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "काका, गप्पी मासे सोडा."

खरं वैर एसीशी. मुलगा एसी लावतो, एसी हवेतलं पाणी ओढून नळीवाटे बाहेर टाकतो, आणि पामाची टोकं तपकिरी पडतात, असा आरोप आहे. आरोप निम्मा खरा आहे. कोरड्या हवेनं टोकं करपतात, लाल कोळीही धरतो. पण नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी आणि अति पाणी घातल्यानंही टोकं करपतात, आणि हा तर दिवसातून दोनदा घालतो. मात्र एसीच्या नळीखाली बादली लावून ते क्षार नसलेलं पाणी झाडाला द्यायची त्याची युक्ती चांगली आहे, हे मान्य केलं पाहिजे. देताना तो पामाला म्हणतो, "घे. तुझंच आहे." करपलेली टोकं तो नखं कापायच्या कात्रीनं छाटतो, तपकिरी रेघ केसभर राखून, कारण हिरव्याला कात्री लागली की तिथून पान पुन्हा वाळतं. स्वतःची नखं कापायला ती कात्री सापडत नाही.

"इतकी वर्षं मी या घरात आहे," बायको एकदा म्हणाली. "मला किती टक्के लागतात, कधी बघितलंत?" तो क्षणभर गडबडला. मग मीटरकडे पाहून म्हणाला, "माणसाला 40 ते 60. म्हणजे तुझं आणि त्याचं जमण्यासारखं आहे."

त्याची सगळ्यात दुखरी जागा मुंबई. दादरला मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली एक अरेका आहे. कुंडीत सिगारेटची थोटकं, पाणी आठवेल तेव्हा वॉचमनचं, आणि झाड मात्र पार पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकलेलं. मुंबईची दमट हवा त्याला फुकट मिळते. मेव्हणा विचारतो, "तुम्ही खत काय घालता हो?" त्या मुक्कामात पामपालक जेवत नाही, म्हणजे कमी जेवतो.

डिसेंबरात तो रात्री उठून खिडक्या तपासतो. बाहेर 10 अंश असले तरी बंद फ्लॅटमध्ये पारा तेवढा उतरत नाही. तरी कुंडीला शाल असते. जुलैत मात्र फार हाल. मीटर 85 वर जाऊन बसतं, पाम आपोआप नवे कोंब काढतो, आणि याला कोणी काही विचारत नाही.

गणपतीत सोसायटीनं आरासीला पाम मागितला. देतो म्हणाला, पण सोबत मीटर आणि स्वतः. मांडवात हॅलोजनचे दिवे पेटले की हवा तापे आणि आकडा घसरे. आरतीला माणसं दाटली की त्यांच्या श्वासानं आणि घामानं तो पुन्हा चढे. हे ध्यानात आल्यावर तो संध्याकाळी दारोदार जाऊन एकेकाला आरतीला ओढून आणू लागला. मंत्रपुष्पांजलीला लोक पांगायला लागले की मीटरकडे पाहून हाच पुढची आरती उचलायचा. आजवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती, असं सेक्रेटरी सभेत म्हणाले आणि पुढच्या वर्षाचं अध्यक्षपद त्याच सभेत एकमतानं त्याच्या गळ्यात पडलं. त्यानं एकच अट घातली: हॅलोजन बंद.