शॅलकाका

सोसायटीच्या नोटिशीचा मसुदा हातात आला की शॅलकाका आधी क्रियापद बघतात, विषय नंतर. ‘वॉटर सप्लाय विल बी क्लोज्ड’ असं दिसलं की चष्मा कपाळावर. “पाणी आपोआप बंद होणार आहे, की आपण करणार आहोत? आपण करणार असू तर शॅल!” सेक्रेटरी पुन्हा टाइप करायला बसतो. तोवर गच्चीवरची टाकी धुऊन होते, आणि बिनचूक नोटीस दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागते.

असा एक गृहस्थ बहुतेक सोसायट्यांत असतो. उभी हयात सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे मसुदे तपासण्यात गेलेली, आणि उशाशी पानं सुटलेलं रेन अँड मार्टिन. साध्या भविष्यकाळाला ‘आय’पुढे शॅल, ‘ही’पुढे विल, निर्धार किंवा हुकूम असेल तर नेमकं उलट, हा काकांचा गायत्री मंत्र. जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ साली, तेही लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात हा भेद मांडला. खुद्द इंग्रजांनी तो कधी धड पाळला नाही आणि आता तर जवळजवळ सोडूनच दिलाय. काका म्हणतात, म्हणूनच त्यांचं साम्राज्य गेलं.

त्यांची एक ठरलेली गोष्ट आहे. पाण्यात पडलेला एक आयरिश माणूस ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असं ओरडला. म्हणजे, मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवलं तर! काठावरच्या इंग्रजांनी त्याच्या इच्छेचा मान राखला. जगात हा विनोद म्हणून सांगतात. काका अपघाताची बातमी सांगावी तसा सांगतात.

पोरांनी त्यांची धास्ती घेतली आहे. ‘कॅन आय टेक द बॉल?’ असं कोणी विचारलं, की “हात आहेत तुला, घेऊ शकतोस, परवानगी हवी असेल तर मे म्हण.” त्यामुळे इंग्रजी शाळेतली पोरंसुद्धा काकांच्या दारात शुद्ध मराठी बोलतात. आमच्या बिल्डिंगीत मराठीसाठी एवढं कोणी केलेलं नाही.

पण माणूस कामाचा आहे, हे मान्य करायला हवं. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा लंडनला नोकरीला लागला. त्याच्या साहेबाने ‘यू माइट वॉन्ट टू हॅव अ लुक अॅट धिस’ असं लिहिलं, आणि हा आपला ‘बघू सवडीने’ म्हणून निवांत. आईने ते काकांना सहज वाचून दाखवलं, तर काका ताडकन उठले. “त्याला आत्ता फोन लावा! साहेबाची भाषा जितकी नरम, तितकं काम गरम. हा माइट म्हणजे संध्याकाळच्या आत.”

घरात मात्र हे शास्त्र चालत नाही. काकू स्वयंपाकघरातून “दळण आणायचंय” एवढंच म्हणतात. कोणी आणायचं, कधी आणायचं, सक्ती आहे की नुसती सूचना, वाक्यात काहीच नाही. काका निमूट डबा उचलतात.

त्यांचा खरा पराक्रम कन्व्हेयन्सच्या वेळचा. बिल्डरच्या वकिलाकडून आलेल्या मसुद्यात, जमीन सोसायटीच्या नावे करण्याच्या कलमात ‘प्रमोटर मे कन्व्हे’ असं होतं. कमिटीने सह्यांसाठी पेनं काढली होती. काका मे वर बोट ठेवून थांबले. “म्हणजे वाटलं तर देईल!” मग १९६३ च्या मोफा कायद्याचं अकरावं कलम काढून त्यातला शॅल त्यांनी सगळ्यांना दाखवला. कोर्टं कधीकधी मे चा अर्थ शॅल लावतात आणि शॅलही नेहमी सक्तीचा धरत नाहीत, असं वकील म्हणाला. काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पुढच्या मसुद्यात शॅल घातला, शिवाय एक जास्तीचाही.

जनरल बॉडीत काकांच्या आभाराचा ठराव आला. सेक्रेटरी वाचू लागला, ‘वी वुड लाइक टू थँक...’

“आवडेल म्हणता?” काका खुर्चीतून म्हणाले. “मग माना की! अडवलंय कोणी?”

ठराव दुरुस्तीसाठी पुढच्या सभेवर गेला.