डॅलस, व्हाया नैनपूर

धाकटा डॅलसला गेल्यापासून आई तिन्हीसांजेला दिवा लावला की पश्चिमेच्या खिडकीत उभी राहून हात जोडते. अमेरिका तिकडे आहे, असं तिचं म्हणणं. भिंतीवरच्या नकाशाचंही तेच.

परवा मी माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला. दोऱ्याचं एक टोक बालाघाटवर धरलं (गोलावर बालाघाट नाही, गोंदियाही नाही, नागपूरच्या उजवीकडे अंदाजाने बोट टेकवलं), दुसरं डॅलसवर, आणि दोरा ताणला. तो पश्चिमेला जाईचना! सरकत सरकत थेट वर गेला आणि गोलाच्या डोक्यावरच्या खिळ्याला जाऊन टेकला.

मग उमगलं. आपण 80 अंश पूर्व रेखांशावर, डॅलस 97 अंश पश्चिमेवर. म्हणजे ते जवळजवळ आपल्या पाठीमागच्या गल्लीतलं घर. तिथे जायला वाड्याला वळसा कशाला, कौलांवरूनच जावं. अंतर तेरा हजार नऊशे किलोमीटरच्या आसपास, आणि दिशा सरळ उत्तर, किंचित डावीकडे. ही रेघ आधी नैनपूरवरून जाते! आमच्या छोट्या लाइनचं नैनपूर. अडीच फुटी रुळांवरून धापा टाकत जाणाऱ्या त्या गाडीचं तोंड इतकी वर्षं टेक्सासकडे होतं, आणि आम्ही समजत होतो ती जबलपूरला चाललीय. पुढे जबलपूर डाव्या हाताला ठेवून, कनोजच्या अत्तराचा वास घेत हिमालय, मग सायबेरिया, मग उत्तर ध्रुवापासून जेमतेम तीनेकशे किलोमीटरवरून पलीकडे उतार.

प्रत्यक्षात धाकटा निघतो तेव्हा पहिल्यांदा काय करतो? गोंदियाची गाडी पकडतो. गोंदिया आमच्या बरोबर दक्षिणेला. म्हणजे पहिले चाळीस किलोमीटर तो डॅलसपासून लांबच जातो. गोंदियाजवळ बिरसीला महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे, पण तिथून डॅलसचं विमान सुटत नाही. म्हणून नागपूर, मग दिल्ली नाहीतर दोहा, आणि तिथे बाकड्यावर बसून काढलेली रात्र.

आईच्या लेखी अंतर किलोमीटरमध्ये नसतंच, ते किलोत असतं. तेवीस किलोची एक बॅग. त्यात चिन्नोर तांदूळ किती, कुरडया किती, लोणचं किती, यावर दोन दिवस खल चालतो. 2021 साली चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद तिला नातू झाल्यासारखा झाला होता. वजनकाट्याला मात्र त्याचं कौतुक नाही.

मी तिला दोरा दाखवला. तिने चष्मा लावून खिळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"इथे बर्फ असतो ना रे?"

"असतो. पण आई, विमान बंद असतं. आणि डॅलसला आपल्यासारखंच ऊन आहे."

तिने ऐकलं नाही. बॅग पुन्हा उघडली, अर्धा किलो चिन्नोर बाहेर काढला आणि त्या जागी कानटोपी ठेवली.