कोरडी गळती

जुन्या मालमोटारीच्या दुखण्याविषयी ज्याला काहीच ठाऊक नाही असा मनुष्य मुंबईच्या उपनगरांत मिळणे दुर्घट आहे. आणि मुलुंडच्या चेकनाक्यापासून दक्षिणेकडे निघणारा जो रस्ता पूर्वी आग्रा रोड म्हणून ओळखला जाई व पुढे लालबहादूर शास्त्रींचे नाव धारण करून तितकाच खोळंबू लागला, त्या रस्त्यावर तर तो औषधालाही मिळणार नाही, हे मी आमच्या मामांच्या गाडीत बसून मिळवलेल्या अनुभवाच्या बळावर शपथपूर्वक लिहून देण्यास तयार आहे.

मामांची गाडी कोणत्या कारखान्याची, हे मात्र विचारू नये. वृद्धांची व्यंगे चारचौघांत सांगताना त्यांच्या कुळाचा उच्चार करू नये, असा संकेत आहे. टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपूरला घडवलेल्या गाड्या काय, किंवा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेल्या डॉज आणि फार्गो काय, या रस्त्याने सर्व घराण्यांचे पुराणपुरुष पाहिलेले आहेत; मामांची गाडी त्यांपैकीच एका घराण्यातली, एवढे सांगणे पुरे.

मुलुंडच्या वखारीतला माल अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पोचवणे, हे तिचे नित्यकर्म. तिच्याविरुद्ध दोन फिर्यादी होत्या: चालता चालता ती एकाएकी बंद पडे, आणि उभी राहिली की तिच्या पोटाखाली डिझेलचे थारोळे साचे. आता गळणारी गाडी बंद पडते, तेव्हा ती गळते म्हणूनच बंद पडते, हा निष्कर्ष काढण्यास न्यायशास्त्राचे अध्ययन लागत नाही. आणि ज्या निष्कर्षाला अध्ययन लागत नाही, त्यावर लोकांची निष्ठा अढळ असते.

असल्फ्याच्या चढावर गाडीने मान टाकली की पंचांची उणीव कधी पडत नसे. पानवाला म्हणे, डिझेल फिल्टर तुंबला. रिक्षावाला नोझलवर आळ घेई. मागे अडकलेल्या बेस्टच्या बसमधून खाली उतरलेले एक पेन्शनर गृहस्थ डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ असल्याचे जाहीर करत, आणि त्यापासून देशाच्या नैतिक अधःपातापर्यंत सहज पोचत. टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बुजले असावे, ही शंका काय ती विचारार्ह होती. कारण भोक बुजले की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे सरकेनासे होते. पण झाकण उघडले असता सुस्कारा ऐकू आला नाही, सबब तो आरोप पुराव्याअभावी खारीज झाला. मग सर्वजण एकमताने खाली वाकत, टपटपणाऱ्या थेंबांकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हे बघा, हेच!"

येथे थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. रुडॉल्फ डीझेल या जर्मन विद्वानाने १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्यात ठिणगीचे काम नाही. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून सुमारे सोळाव्या हिश्श्यावर आणली की ती इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हा फवारा उडण्यास आमच्यासारख्या गाडीत सुमारे २०० वातावरणांचा दाब लागतो, आणि तो देणारा पंप द्रवाशी व्यवहार करण्यासाठी घडवलेला असतो. द्रव दबत नाही, म्हणून तो नोझलचे दार ढकलून आत जातो. हवेचा बुडबुडा मात्र अस्सल कारकुनाप्रमाणे वरून दाब आला की आक्रसतो, दाब सरला की फुगतो, आणि काम जागच्या जागी राहते. मिस्त्री लोक या अवस्थेला 'गाडीने एअर घेतली' असे म्हणतात.

आणि मौज अशी की टाकीतून डिझेल ओढून आणणारा एक वेगळा फीड पंप असतो; टाकीपासून त्याच्यापर्यंतचा मुलूख ओढीचा, तर त्याच्यापुढचा सगळा मुलूख दाबाचा असतो. दाबाच्या हद्दीत भोक पडले तर डिझेल बाहेर येते. ओढीच्या हद्दीत पडले तर गाडी चालू असताना हवा आत जाते आणि बाहेर टिपूसही दिसत नाही. म्हणजे जी गळती दिसते ती बहुधा निरुपद्रवी, आणि जी घात करते ती कोरडी. बाहेर पडणाऱ्या थेंबाला शंभर साक्षीदार मिळतात. आत शिरणाऱ्या हवेला एकही मिळत नाही.

साकीनाक्याच्या मिस्त्रीने फिल्टरपुढच्या पाइपाचे तांब्याचे वॉशर बदलले आणि थारोळे नाहीसे झाले. मामांनी पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी जकात नाक्याच्या रांगेत (ही जकात पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात विलीन झाली) गाडी निर्मळ, कोरडी आणि बंद अशी उभी राहिली. क्लीनरने बॉनेट उघडले, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपाचा लट्टू तो हाताने मारू लागला. प्रथम पांढरा फेस फसफसला, मग फेस आणि डिझेल यांची पिचकारी उडाली, आणि अखेरीस अखंड, पिवळसर धार लागल्यावर त्याने स्क्रू आवळून हात केसांना पुसले. गाडी सुरू झाली, ती भांडुपपर्यंत.

इतक्यात दसरा आला. झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला, आणि एरवी रोजच्या भाड्यातून रोजचे डिझेल घेणाऱ्या मामांनी सणाच्या भरात टाकी काठोकाठ भरली. तेव्हापासून कितीतरी दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही. नारळाचे माहात्म्य घाटकोपरपर्यंत पसरले. मग टाकी निम्म्याखाली उतरली आणि माहात्म्यही.

हा योगायोग एकट्या क्लीनरच्या ध्यानात आला. शहाळे पिता पिता तो म्हणाला, "शेठ, नळी वरती चिरलेली असली ना, की शहाळं भरलेलं असेपर्यंत पाणी येतं. निम्मं झालं की नुसतं फुर्र. टाकीतला पाइप बघा एकदा." मामांनी त्याला शहाळे मुकाट्याने पिण्याचा हुकूम केला, पण मिस्त्री विचारात पडला. त्याने डिझेलचा एक डबा केबिनच्या टपावर बांधला आणि त्याची नळी थेट फीड पंपाला जोडून टाकीला तूर्त रजा दिली. गाडी असल्फ्याचा चढ न थांबता चढली. टाकीतला पाइप बाहेर काढला, तेव्हा त्याच्या अर्ध्या उंचीवरच्या जोडापाशी केसासारखी चीर निघाली.

पाइप नवा बसला आणि पाव टाकीवरही गाडी धावू लागली. आता मामा क्लीनरची पाठ थोपटणार, या अपेक्षेने आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो. त्यांनी पाइपाचा तो तुकडा उन्हात धरून सावकाश न्याहाळला, आणि खटल्याचा निकाल सांगावा तशा गंभीर स्वरात ते म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, टाकी भरण्यात काही अर्थ नाही. दसऱ्याला भरली नसती, तर हा रोग इतके दिवस दडून राहता काय?"