उभं राहण्याचे दहा कोटी

'सॉकर' म्हटलं की इंग्रज माणूस नाक मुरडतो. त्याच इंग्रजांच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत, मिनिआपोलिसला, चक्क बास्केटबॉलचा सामना बघत बसले होते. बघायचं काय, तर एवढ्याशा जागेत, एवढ्या गर्दीत माणूस मोकळा होतो कसा!

त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात शिकवणीचं फळ दिसलं. कॉर्नर मिळाला की इंग्लंडचे धिप्पाड गडी रेशनच्या रांगेत उभे राहावेत तसे एकामागे एक चिकटून उभे. चेंडू उडायच्या बेताला रांग फुटायची. एक पुढे, एक मागे, आणि एखादा नुसताच वाटेत, समोरच्याला अडेल असा. तोवर जॉन स्टोन्स किंवा हॅरी मग्वायर मोकळ्या डोक्यानं चेंडूवर हजर. पनामाविरुद्ध एकट्या स्टोन्सचे दोन हेडर. इंग्लंडच्या स्पर्धेतल्या १२ गोलांपैकी ९ कॉर्नर, फ्री किक आणि पेनल्टीवरचे. चालत्या खेळात काय केलं, ते विचारू नये.

कॉर्नरवरच हे जमलं, कारण कॉर्नरच्या चेंडूला ऑफसाइड नाही. गोलसमोरचा तुकडा घटकाभर बास्केटबॉलचं कोर्ट होतो. बास्केटबॉलमध्ये स्क्रीन लावणाऱ्यानं, म्हणजे वाट अडवणाऱ्यानं, खांबासारखं उभं राहायचं. सरकला की फाउल. फुटबॉलमध्ये चेंडू जवळ नसताना वाट अडवणं नियमात बसत नाही, पण 'मी आपला इथेच उभा होतो' असा चेहरा करायला बंदी नाही. आर्सेनलनं सेट-पीस प्रशिक्षक निकोलस जोव्हर यांच्या हाताखाली या चेहऱ्याचा अभ्यासक्रमच लावलाय.

खरी गंमत चालत्या खेळात आहे. २८ बाय १५ मीटरच्या कोर्टवर दहा जण, म्हणजे माणशी ४२ चौरस मीटर. फुटबॉलच्या १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानात माणशी सव्वातीनशे. तरी जागा नाही म्हणून रडतात फुटबॉलवालेच! बास्केटबॉलवाल्यांनी इलाज केव्हाच शोधला: नेमबाज कोपऱ्यात उभा करा. त्याला मोकळा सोडला तर तीन गुण जातात, म्हणून राखणदार त्याला चिकटून बसतो आणि बास्केटखालची जागा आपोआप रिकामी होते.

पेप ग्वार्डिओलांच्या संघात टचलाइनला चिकटून उभा राहणारा विंगर बघताना हाच हिशेब दिसतो. त्यांच्या मँचेस्टर सिटीनं २०२१ मध्ये जॅक ग्रीलिशला १० कोटी पौंडांना आणलं. पहिल्या मोसमात लीगमध्ये गोल किती? तीन. 'हा पैसे उभं राहायचे घेतो' असं लोक म्हणाले. बरोबरच म्हणाले. डावीकडे अगदी रेघेवर तो चेंडू पायाशी घेऊन थांबायचा. समोरच्या बचावपटूला त्याला सोडवत नसे, मदतीला दुसरा धावे, आणि मधली वाट सहकारी डी ब्रायनासाठी उघडी. पुढच्या मोसमात सिटीनं तीन मोठे चषक उचलले. ग्रीलिशचे लीगमधले गोल तेव्हाही पाचच.

आता मैदानोमैदानी प्रशिक्षक 'रुंद राहा, रुंद राहा' म्हणून घसा फोडतात. त्यांनी २०१५ च्या एनबीए प्लेऑफमधला टोनी ॲलन आठवावा. मेम्फिसचा हा गडी बचावात वाघ, लांबून नेम मात्र यथातथाच. समोरचे वॉरियर्स मालिकेत २-१ असे मागे पडले, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी उंचपुऱ्या अँड्र्यू बोगटला ॲलनच्या वाट्याला दिलं आणि बोगटनं ॲलनकडे पाठ फिरवून थेट बास्केटखाली ठाण मांडलं. ॲलन दूर उभा, मोकळाढाकळा. मेम्फिसची आतली वाट मात्र बंद. वॉरियर्सनी मालिका ४-२ अशी जिंकली.

फुटबॉलमध्ये तर रेघेवरून मारलेल्या गोलाला जादा गुणही नाही. तिथल्या विंगरकडे समोरच्याला चकवण्याचं किंवा मापात क्रॉस टाकण्याचं कसब नसेल, तर बचावपटू त्याला रामराम ठोकून मध्ये गर्दी करायला जातो. अशा विंगरला रेघेवर उभं करणाऱ्या प्रशिक्षकाला वाटतं, आपण ग्वार्डिओला झालो. तो झालेला असतो मेम्फिस.