नाकी नऊ

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचतायत. कोपऱ्यावरच्या बंगल्यातली धाकटी सून... हो, तीच, नाकाचं ऑपरेशन करून घेतलेली. काल भेटली. मी आपलं म्हटलं, "छान दिसतंय गं!" तर डोळ्यांत टचकन पाणी. "काकू, टोक सुजलेलंच आहे, एका बाजूला चिमटा बसल्यासारखं दिसतं, अन् डाव्या नाकपुडीतून श्वासच येत नाही."

मग काय, नव्या सर्जनकडे अख्खं घर गेलं! आमची पोळ्यांची बाई तिकडेही जाते ना, तिनंच सांगितलं. हिला लगेच पुन्हा करायचंय, अन् सर्जन म्हणतात, निदान वर्षभर थांबा. आत व्रण घट्ट झालेत, टोकाची सूज सगळ्यात शेवटी उतरते. तोवर फार तर टेप, नाहीतर स्टेरॉइडचं बारीक इंजेक्शन. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

त्यात जाऊबाई! "मग फिलर भरून घे की, पार्लरशेजारी स्वस्तात भरतात." सर्जन भडकलेच. बारीक खळगा भरतो म्हणे, पण ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, दृष्टीसुद्धा जाते. जाऊबाई गप्प. जाऊबाई, अहो!

तर काय सांगत होते... हां, श्वास. आतली वाट अरुंद झालीय, तिला टेकू द्यायला कूर्चा हवी. नाकाच्या पडद्यातली संपली. मग कानातली घ्यायची, पण ती मऊ अन् वळलेली. नाही पुरली तर बरगडीची. ती भक्कम, पण पुढेमागे वाकू शकते. "नाकासाठी बरगडी?" सासूबाई पांढऱ्याफटक!

सासरे मात्र मास्तर ना... "अगं, आपल्या पुण्यात कावसजी नावाच्या एकाचं नाक कपाळाच्या कातडीचं केलं होतं, १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलंय." त्यावर सासूबाई, "त्याचं टिपूच्या माणसांनी कापलं होतं हो, हिनं पैसे मोजून कापून घेतलंय!" मला तर हसूच आवरेना.

पण खरी मजा पुढेच. निघताना सर्जन म्हणाले, "आधीच्या दोन्ही ऑपरेशनांचे कागद आणा, कुठलं काय काढलंय ते बघू."

सासूबाई वळल्या. "दोन्ही?"

पहिलं लग्नाआधीचं हो! बघायला गेले तेव्हा "नाक कसं चाफेकळी" म्हणून सासूबाईंनीच होकार दिला होता...