धुऱ्यावरचे बारा सीझन

‘सिटी ऑफ ड्रीम्स’ ही वेबमालिका 2019 साली आली. बापावर गोळीबार, खुर्चीसाठी भावा-बहिणीत वैर, आवाज न चढवता फिरवलेली सूत्रं. चिखली तालुक्यातल्या जाणकारांना मात्र मांडणी उथळ वाटली, आणि ते योग्यच आहे. गोळी झाडणं हे अधीर माणसाचं काम.

आमच्याकडचा सूड संयमी असतो. दर साली पेरणीआधी धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, एकच तास आपल्याकडे ओढायचं. शेजारच्या वावरात सख्खा चुलतभाऊ. त्याला चहा पाजायचा, त्याच्या पोरीच्या लग्नात आहेर करायचा आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा चार बोटं आत सरकायचं. रक्त नाही, पार्श्वसंगीत नाही. सोयाबीन तेवढं वाढतं.

शासनालाही या कलेची कदर आहे. 2023 च्या सलोखा योजनेत, एकमेकांच्या जमिनी ताब्यात असलेल्या शेतकऱ्यांना 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. अट एवढीच, की ताबा किमान 12 वर्षांचा हवा. तीन सीझनमध्ये आटोपणाऱ्या हौशी मंडळींचा अर्ज बाद. आमची नम्र सूचना आहे, की 25 वर्षं पूर्ण करणाऱ्यांना तहसीलमध्ये शाल-श्रीफळ द्यावं आणि वैराची नोंद वारसांच्या नावे सातबाऱ्यावर चढवावी. नातवांना पहिल्या भागापासून सुरुवात करावी लागू नये.

राहिला आवाज न चढवता सूत्रं फिरवणारा मूक सत्ताधीश. तो ना या भावात, ना त्या. दोन्ही वावरं नांगरणारा ट्रॅक्टरवाला एकच आहे. धुरा कुठून धरायचा, हे तो कुणालाच विचारत नाही. रामराम मात्र दोघंही त्यालाच आधी घालतात.